प्रश्न वाचकांचे : सगळे पटते, पण छाती ऐकत नाही

गेल्या अंकात भावना शरीरात कुठे आणि कशा जाणवतात याविषयी एका प्रश्नाला उत्तर दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरत होती: जवळच्या माणसांशी असलेल्या नात्यात आपले शरीर आपल्याला न विचारता काहीतरी करून बसते, त्याचे काय करावे? त्यांतली चार पत्रे इथे घेतली आहेत. ती थोडी संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मानसशास्त्रात ज्याला अटॅचमेंट म्हणतात, म्हणजे जवळच्या माणसाशी जडणारे आधाराचे नाते, त्यासाठी मी 'भावबंध' हा शब्द वापरला आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे वय ३४. नाशिकला राहते, नोकरी करते. नवरा समजूतदार आहे. त्यांना घरी यायला उशीर झाला आणि फोन लागला नाही की माझ्या छातीत असे काही दाटून येते की मी दहा-बारा वेळा फोन करते, आणि ते सुखरूप आत आले की भांडण काढते. वर्षभर समुपदेशन घेतले, विचार तपासायला शिकले, वही लिहिली. सगळे पटते, पण छाती ऐकत नाही. आई-बाबा दोघेही मुंबईत नोकरीला आणि एका खोलीत राहत असल्यामुळे मी दीड वर्षाची असल्यापासून आजीकडे गावी वाढले, सहाव्या वर्षी शाळेसाठी मुंबईला आणले. हे त्यामुळेच असेल का? शरीरावर काम करणारी थेरपी असते असे वाचले. तिचा मला उपयोग होईल का?

उत्तर : आधी एक व्यवहाराची गोष्ट. छातीत दाटणे हे लक्षण केवळ मनाचे आहे असे गृहीत धरू नये. डॉक्टरांकडून ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घेतली नसेल, तर ती आधी करा.

समुपदेशनात तुम्ही जे शिकलात ते वाया गेलेले नाही. ती पद्धत विचारापासून सुरुवात करते, आणि पुष्कळ जणांना तेवढे पुरते. परंतु धोक्याची सूचना विचारासाठी थांबत नाही. तुम्ही घड्याळाकडे पाहून 'ट्रॅफिक असेल' असे स्वतःला सांगता, तोवर हृदयाची गती वाढलेली असते, श्वास वरच्या वर चालू झालेला असतो, आणि ज्या अर्थी छाती धडधडते आहे त्या अर्थी काहीतरी वाईट घडले असणारच, असा कौल मेंदूने त्याच पुराव्यावर देऊन टाकलेला असतो. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूतले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत. वरून पाठवलेली समजूत एकटी का कमी पडते, याचा थोडा अंदाज त्यावरून यावा. देहकेंद्री मानसोपचार काम सुरू करतात ते या खालच्या टोकापासून.

तुम्ही विचारलेल्या कारणाविषयी मात्र मला थोडे वेगळे सांगायचे आहे. भावबंधाचा सिद्धांत मांडणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) लंडनमधल्या सुखवस्तू घरात वाढले. त्या घराच्या रीतीप्रमाणे आईची भेट दिवसातून थोडा वेळच होई. त्यांना खऱ्या अर्थाने सांभाळले ते दाईने, आणि ते साधारण चार वर्षांचे असताना ती नोकरी सोडून गेली. आई गमावल्याइतकेच ते दुःख मोठे होते, असे त्यांनी पुढे सांगितले. तुमचे पत्र वाचताना मला त्यांची आठवण झाली. आई-बाबांपासून दूर राहिल्याचे तुम्ही लिहिले आहे, पण साडेचार वर्षे जिच्या कुशीत झोपलात त्या आजीपासून सहाव्या वर्षी तुटलात, हे पत्रात 'शाळेसाठी मुंबईला आणले' एवढ्या तीन शब्दांत येऊन जाते. त्या प्रवासाच्या दिवशी तुम्हाला कोणी काय सांगितले होते? 'दोन दिवसांत परत येऊ' असे तर नव्हे? मी खात्रीने काही म्हणत नाही, आणि आई-बाबांनी चूक केली असेही सुचवत नाही. एका खोलीतल्या संसारात त्यांनी जमेल ते केले. परंतु गेलेले माणूस परत येईलच याची शाश्वती नसते, हा धडा शब्द जमण्याआधी किंवा जेमतेम जमले असताना शरीराने गिरवला असेल, तर तो शब्दांनी पुसला जात नाही, याबद्दल स्वतःला दोष देऊ नये.

आता उपयोग होईल का, याविषयी. प्रत्यक्ष बैठकीत काय होते ते सांगितले तर तुम्हाला ठरवता येईल. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची तक्रार तुमच्यासारखीच होती (तपशील बदलून लिहिते आहे). एके दिवशी मी त्यांना त्या संध्याकाळची अख्खी हकीकत न विचारता एवढेच विचारले की, फोन लागत नाही हे कळले तो क्षण आठवल्यावर आत्ता, या खुर्चीत, शरीरात पहिला बदल कुठे होतो? त्या म्हणाल्या, गळ्यात. केवढा? सुपारीएवढा. मग मी विचारले, याच वेळी शरीरात अशी एखादी जागा आहे का, जिथे बरे आहे किंवा निदान काही बिघडलेले नाही? बराच वेळ शोधून त्या म्हणाल्या, तळवे, ते गरम आहेत. त्यानंतरची पंधरा मिनिटे आम्ही फक्त येरझारा घातल्या: थोडे लक्ष गळ्याकडे, मग तळव्यांकडे, पुन्हा गळ्याकडे. पीटर लेव्हिन यांनी विकसित केलेल्या सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग या पद्धतीतला हा अगदी प्राथमिक भाग आहे. झोका एका टोकाला गेला तरी परत येतो, हे शरीराला त्यातून कळू लागते.

काही आठवड्यांनी आम्ही दुसरा प्रयोग केला. पॅट ऑग्डेन यांच्या सेन्सरीमोटर सायकोथेरपीत नात्यांतल्या साध्या हालचालींकडे बारकाईने पाहतात: जवळ येणे, दूर सारणे, धरून ठेवणे, हात पुढे करणे. मी त्यांना समोर हात पुढे करायला सांगितले, जणू कोणाकडे तरी काही मागायचे आहे. त्यांचा उजवा हात अर्ध्यावर गेला, कोपर शेवटपर्यंत सरळ झालेच नाही, आणि त्यांच्या नकळत तो हात पदर सारखा करायला माघारी वळला. तीन वेळा असेच झाले. चौथ्या वेळी त्यांच्याच ते लक्षात आले आणि डोळे भरून आले. दहा-बारा फोन हे त्या अर्ध्यावरून परतलेल्या हाताचेच दुसरे रूप होते: मागायचे तर आहे, पण मिळणार नाही असे गृहीत धरून, म्हणून रागाने. पुढचे दोन महिने आम्ही सावकाश मागण्याचा सराव केला, आधी हाताने आणि मग शब्दांनी.

हे काम तुम्हाला साधेल असे मला वाटते, कारण शरीराकडे पाहण्याची सवय तुमच्या पत्रातच दिसते. तोवर घरी एक करा. नवरा दारातून आत आला की बोलणे सुरू करण्याआधी दोघांनी एक मिनिट नुसते शेजारी बसावे, त्याचा हात तुमच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, स्थिर. थोपटायचे नाही, समजावायचे नाही. छातीला तो आल्याचे कळायला डोळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढा तिला द्यायचा.

प्रश्न : माझे वय ५२, सोलापूरला असतो, बँकेत अधिकारी आहे. पत्नी म्हणते, तुम्ही दगड आहात. मला खरोखरच काही वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली, सगळे विधी नीट पार पाडले, रडू आले नाही. वाईट वाटायला हवे होते हे कळते, पण वाटत नाही. बाकी तब्येत चांगली आहे. फक्त जबडा सकाळी आखडलेला असतो, दातांच्या डॉक्टरांनी झोपेत दात खाता म्हणून प्लेट करून दिली, मान आणि डावा खांदा सतत भरलेला, मालिश केली की दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. ज्याला भावनाच नाहीत त्याने शरीरात काय शोधायचे?

उत्तर : तुमच्या पत्रात 'काही वाटत नाही' याला दोन ओळी दिल्या आहेत आणि जबडा, मान, खांदा यांना त्याहून जास्त. शोध कुठून सुरू करायचा हे तुम्हीच लिहिले आहे असे मला वाटते.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोर इथे वर्षभराच्या आसपासच्या बाळांचा एक प्रयोग उभा केला. सुमारे २० मिनिटांचा. अनोळखी खोली, खेळणी, एक अनोळखी बाई, आणि मधल्या काळात आई दोनदा थोडा वेळ बाहेर जाऊन परत येते. बहुतेक बाळे आई गेल्यावर अस्वस्थ होत, ती आली की तिला बिलगत आणि शांत होऊन पुन्हा खेळायला लागत. काही बाळे मात्र रडत नसत. आई परतली तरी ती खेळण्यावरून मान वर करत नसत. बघणाऱ्याला वाटावे, किती शहाणे मूल! पुढे १९७७ मध्ये अ‍ॅलन श्राऊफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चेहरा शांत असलेल्या त्या बाळांचे हृदय जोरात धडधडत होते, आणि आई परत आल्यावरही ते लवकर स्थिरावत नव्हते. रडण्याला प्रतिसाद मिळत नाही, उलट आई आणखी दूर जाते, हे ओळखून त्यांनी रडणे आवरायला शिकले होते. आवरण्याचे काम स्नायूंचे असते, आणि ते फुकट होत नाही.

म्हणून तुम्हाला भावना नाहीत हे मला मान्य करता येत नाही. त्या आवरायला तुम्ही फार लवकर आणि फार उत्तम शिकलात, इतके की आवरण्याची क्रिया आता तुम्हाला जाणवतही नाही. 'मन घट्ट कर', 'दात-ओठ आवळून सहन कर' ही आपल्याकडे मुलग्यांना दिली जाणारी शिकवण अक्षरशः जबड्यात जाऊन बसते.

जबडा सैल सोडा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला मालिशवाल्यानेही सांगितले असेल. हाकोमी या देहकेंद्री मानसोपचार पद्धतीचे प्रवर्तक रॉन कर्ट्झ (१९३४–२०११) यांनी एक सुंदर मार्ग दाखवला: शरीर जे धरून ठेवते आहे त्याच्याशी झगडू नये, ते धरण्याचे काम क्षणभर आपण हाती घ्यावे. रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे जबड्याखाली असे धरा की त्याचा भार हातांवर येईल. तुम्ही सैल करायचे नाही, हातांनी फक्त सांभाळायचे. दुसरा कोणी राखण करतो आहे हे कळले की पहारेकरी कधीकधी स्वतःहूनच थोडा बसतो. त्या वेळी काय होते ते पाहा. कदाचित जांभई येईल, कदाचित आवंढा. काहीच आले नाही, तर तेही तसेच असू द्या.

दुसरी गोष्ट शब्दांची. व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींपासून वाचून अमेरिकेत आलेले तत्त्वज्ञ-मानसतज्ज्ञ यूजीन जेंडलिन (१९२६–२०१७) शिकागो विद्यापीठात मानसोपचाराच्या बैठकांची ध्वनिमुद्रणे अभ्यासत होते. ज्यांना उपचाराचा गुण येई ती माणसे बोलता बोलता अडखळत, 'राग नाही म्हणता येणार... थांबा, वेगळेच काहीतरी' असे म्हणून आतल्या आत चाचपडत, असे त्यांना दिसले. त्यांनी या चाचपडण्याचीच पद्धत बांधली. आपल्या भाषेत अशा अर्धवट जाणिवांसाठी शब्दांचे भांडार आहे: हुरहूर, रुखरुख, चुटपुट, धाकधूक, कालवाकालव. दुःख, राग, आनंद असे मोठे शब्द बाजूला ठेवा. आईची खोली, तिची काठी, तिचा चष्म्याचा डबा, यांतली एखादी वस्तू समोर आणा आणि खांद्याला विचारा: ही हुरहूर आहे का? नाही. रुखरुख? एखादा शब्द बरोबर बसतो तेव्हा शरीरात काहीतरी हलते, श्वास एकदम खोल जातो. तो शब्द त्या रात्री पत्नीला सांगा, एवढाच, त्यावर भाष्य न करता.

आईसाठी रडू आलेच पाहिजे असा नियम नाही. पण दात खाणे दोन वर्षांपूर्वीपासूनच वाढले आहे का, हे एकदा आठवून पाहा.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे, पुण्यात शिकते. मैत्रिणीच्या आग्रहाने दोन दिवसांच्या एका 'भावनामुक्ती' शिबिराला गेले. मोठे संगीत, जोरजोराने श्वास, गादीवर मुठी आपटणे, ओरडणे. मला लहानपणचा एक वाईट प्रसंग आठवला आणि मी थरथरायला लागले. त्यांनी सांगितले, हेच बाहेर पडायला हवे होते, थांबू नकोस. त्याला तीन आठवडे झाले. झोप लागत नाही, गर्दीत हातपाय बधिर होतात. शिबिरवाले म्हणतात, अजून अडकलेले आहे, पुढची पातळी कर. करू का?

उत्तर : नको. पुढची पातळी करू नकोस. झाले ते तुझ्या कमकुवतपणामुळे झालेले नाही, हे सगळ्यांत आधी सांगते.

अशा शिबिरांमागच्या कल्पनेला मोठा इतिहास आहे. फ्रॉइड यांचे शिष्य विल्हेल्म राइश (१८९७–१९५७) यांनी १९३० च्या दशकात असे मांडले की माणसाचा स्वभाव त्याच्या स्नायूंमध्ये कवचासारखा घट्ट झालेला असतो. ही दृष्टी विलक्षण होती, आणि आजच्या सगळ्या देहकेंद्री पद्धती कुठेतरी तिच्या ऋणी आहेत. त्यांचे पुढचे आयुष्य मात्र भरकटले. 'ऑर्गोन' नावाच्या ऊर्जेच्या पेट्यांवरून अमेरिकेत खटला झाला आणि तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे शिष्य अलेक्झांडर लोवेन (१९१०–२००८) यांनी बायोएनर्जेटिक्स ही शाखा वाढवली. तिच्यात गादीवर लाथा-मुठी मारणे आणि ओरडणे होते. कवच फोडले की भावना बाहेर पडतील आणि माणूस मोकळा होईल, असा त्या काळचा विश्वास होता. पुढच्या पिढीने अनुभवातून शिकले की अत्याचार, अपघात किंवा लहानपणचा तीव्र भयप्रसंग सोसलेल्या माणसाच्या बाबतीत असे एकदम फोडणे म्हणजे बरेचदा तोच प्रसंग पुन्हा अंगावर घेणे असते.

अकरावी-बारावीला प्रयोगशाळेत टायट्रेशन केले असशील. ब्युरेटमधून अल्कली एकेक थेंब सोडायचा, फ्लास्क हलवायचा, गुलाबी छटा येते का पाहायचे. घाई करून भसकन ओतले की सगळा प्रयोग पुन्हा. लेव्हिन यांनी आपल्या पद्धतीसाठी हाच शब्द रसायनशास्त्रातून घेतला. भीतीचा एक थेंब, मग थांबणे, शरीर स्थिरावल्याची खात्री, मग दुसरा थेंब. थरथर येणे वाईट नसते. पण ती येताना तुला समोरचे माणूस दिसत असले पाहिजे, खोलीचे दार कुठे आहे हे माहीत असले पाहिजे, आणि तू 'पुरे' म्हटल्याबरोबर थांबले पाहिजे. तुला 'थांबू नकोस' असे सांगितले गेले, ती त्यांची चूक आहे. साठ माणसांच्या हॉलमध्ये दोन दिवसांत विश्वास तयार होत नाही, आणि विश्वास नसताना हे काम करूच नये, असे माझे ठाम मत आहे.

आता पहिले काम आठवणींकडे न जाण्याचे. खोल श्वासाचे व्यायाम आणि डोळे मिटून करायचे ध्यान काही आठवडे बंद ठेव. बधिरपणा आला की डोळे उघडे ठेवून मान हळू वळवत खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घे, पायांनी जमीन दाब, थंड पाण्याचा पेला दोन्ही हातांत धर. जेवण वेळेवर. विश्वासाच्या एका माणसाला हे सांग. आणि या आठवड्यातच मनोविकारतज्ज्ञांना किंवा चिकित्सा मानसतज्ज्ञांना भेट. झोप परत आणण्यासाठी थोडे दिवस औषध लागले तर संकोच करू नकोस. रात्री फार वाईट वाटले तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येते.

प्रश्न : मी फोंड्याची निवृत्त शिक्षिका. माझ्या भाचीला घटस्फोटानंतर अशी थेरपी घेण्याचा सल्ला मिळाला आहे. यामागे संशोधन आहे का? यात थेरपिस्ट अंगाला हात लावतात म्हणे, ते योग्य आहे का? माणूस निवडायचे कसे?

उत्तर : संशोधन आहे, पण प्रचारात सांगतात तितके नाही. इस्रायलमध्ये ६३ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगच्या १५ साप्ताहिक बैठकांनंतर आघातोत्तर तणावाची (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या भीती-तणावाची) लक्षणे, प्रतीक्षायादीवर थांबलेल्यांच्या तुलनेत, बरीच कमी झालेली दिसली. बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ६४ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर उपचारांनी बरे न वाटलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांनी १० आठवडे आघाताचे भान ठेवून शिकवलेला योग केला, आणि त्यांच्यातल्या ५२ टक्के स्त्रिया त्यानंतर आघातोत्तर तणावाच्या निदानाच्या निकषात बसत नव्हत्या. केवळ आरोग्यविषयक माहितीचे वर्ग घेतलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. दोन्ही अभ्यास लहान आहेत. नात्यांतल्या भावबंधाच्या अडचणींसाठी पुरावा याहूनही विरळ आहे. सुरक्षित वाटणे किंवा घाबरणे या अवस्था व्हेगसवर अवलंबून असतात असे सांगणाऱ्या ज्या 'पॉलिव्हेगल' सिद्धांताचा आधार अनेक थेरपिस्ट घेतात, त्यावर शरीरक्रियाशास्त्रज्ञांमध्ये गंभीर मतभेद आहेत. तरीही मी हे काम करते, कारण ते विचारपूर्वक, प्रस्थापित उपचारांच्या जोडीने केले तर माणसे बदललेली मी पाहते.

स्पर्शाविषयी: पुष्कळ बैठकांत स्पर्श मुळीच नसतो, खुर्ची किती अंतरावर ठेवायची यावरच दोन भेटी जातात. जिथे स्पर्श असतो तिथे कुठे, कशासाठी, किती वेळ हे आधी सांगून प्रत्येक वेळी नव्याने परवानगी घेतली पाहिजे, आणि ती नाकारल्यावर चेहऱ्यावर नाराजी दिसता कामा नये. मूळ शिक्षण विचारा. चिकित्सा मानसतज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तिचा क्रमांक सांगायला कोणी कचरू नये. केवळ आठवड्याच्या शेवटी केलेल्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र पुरेसे मानू नका. स्वतःच्या कामावर देखरेख करणारे वरिष्ठ आहेत का, हेही विचारा. 'तीन बैठकींत लहानपणच्या जखमा साफ' असे आश्वासन देणाऱ्याकडे भाचीला पाठवू नका.

पहिल्या भेटीला तिला तुमची सोबत हवी असेल, तर बाहेर बसायला जागा आहे का, आणि मध्येच उठून तुमच्याकडे यावेसे वाटले तर चालेल का, हे फोनवरच विचारून घ्या. त्या प्रश्नाला मिळणारे उत्तर नीट ऐका.